बागेची किल्ली कुणाकडे?

“फादर, सही करू की नको?” असा साधा प्रश्न आमच्या एका वाचकांनी पत्राने विचारला आहे. त्यांच्या वस्तीत नगरपालिकेची एक बाग आहे. झोपाळे मोडलेले, कारंजे कोरडे, आणि दिवेलागणीनंतर सभ्य माणूस आत पाऊल टाकीत नाही, अशी तिची अवस्था. ही बाग दीर्घ मुदतीच्या करारावर एका खाजगी संस्थेच्या हवाली करावी असा प्रस्ताव पुढे आला आहे. वस्तीत सध्या दोन अर्ज फिरत आहेत, एक प्रस्तावाच्या बाजूचा व दुसरा विरोधाचा. आणि दोन्ही अर्ज घेऊन दारी येणारी माणसे ओळखीचीच असल्यामुळे आमचे हे वाचक मोठ्या संकोचात सापडले आहेत.

उत्तर एका शब्दात देता आले असते तर आम्ही ते पोस्टकार्डावर लिहून मोकळे झालो असतो. पण हा प्रश्न आता एका वस्तीचा राहिलेला नाही. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, जेथे जेथे आमचे वाचक पिढ्यान् पिढ्या वसले आहेत, तेथे तेथे बागा, तलाव, क्रीडांगणे यांच्या संबंधात ‘सार्वजनिक-खाजगी भागीदारी’ हा लांबलचक शब्द कानी पडू लागला आहे. रविवारच्या मिस्सेनंतर मुलांना घेऊन बागेत जाणारी कितीतरी कुटुंबे आमच्या नित्य पाहण्यात आहेत. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला बाग ही चैनीची वस्तू नव्हे. त्याच्या मुलांना धावता येईल अशी तेवढीच एक जागा त्याला उरलेली असते. तेव्हा या विषयाचा थोडा विस्ताराने विचार केला तर तो अनाठायी ठरणार नाही.

प्रथम या शब्दाचा अर्थ. जमीन सर्वांची, म्हणजे नगरपालिकेची अथवा सरकारची. पैसा आणि व्यवस्था दुसऱ्या कुणाची. आणि त्या दुसऱ्याला या व्यवहारात काहीतरी मिळावयाचे. कधी त्याला केवळ समाधान मिळते, कधी नाव मिळते, कधी उपाहारगृहाचे भाडे मिळते, तर कधी प्रवेशशुल्क. जे मिळावयाचे ते काय आहे, यावर त्या भागीदारीचा सारा स्वभाव अवलंबून असतो. बाग सांभाळणे हे मूळचे कर्तव्य मात्र नगरपालिकेचेच. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस जी बारावी अनुसूची जोडली, तीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे या नागरी सोयी स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. भागीदार घेतल्याने कर्तव्य दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. हे पुष्कळ नगरसेवक विसरतात आणि नागरिकही विसरतात.

या पद्धतीचे नाव निघाले की जगभर पहिला दाखला दिला जातो तो न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्कचा. ८४३ एकरांचे हे उद्यान फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांच्या १८५८ च्या आराखड्याप्रमाणे उभे राहिले. (त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची, बहुतांशी कृष्णवर्णीयांची, स्वतःच्या घरांची व चर्चची वस्ती होती, ती १८५७ पर्यंत उठविण्यात आली. सार्वजनिक बागेलाही असा इतिहास असू शकतो.) पुढे १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क महापालिका जवळजवळ दिवाळखोरीत निघाली. माळी कमी झाले, हिरवळीची धूळ झाली, दगडी इमारतींच्या भिंती रंगाच्या फवाऱ्यांनी विद्रूप झाल्या, आणि अंधार पडल्यावर उद्यानात जाणे हा धाडसाचा विषय झाला. आमच्या पत्रलेखक वाचकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

१९७९ साली महापालिकेने एलिझाबेथ बार्लो रॉजर्स या बाईंची उद्यानाच्या प्रशासकपदी नेमणूक केली, आणि १९८० साली ‘सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी’ ही नफा न घेणारी संस्था स्थापन झाली. तीत धनिकांनी पैसा ओतला हे खरेच. २०१२ साली तर जॉन पॉलसन या एकाच दात्याने दहा कोटी डॉलर दिले. परंतु आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती संस्थेची कामाची रीत. तिने आधी सबंध उद्यानाचा बारकाईने अभ्यास केला, पाण्याचा निचरा कोठे तुंबतो, माणसे पायवाट सोडून कोठून चालतात, कोणते झाड कशाने मरते हे नोंदविले. आणि मग एकेक भाग दुरुस्त करीत नेला. पुढे उद्यानाचे ४९ विभाग पाडून प्रत्येक विभागाला एक माळी नेमून देण्यात आला. त्या तुकड्यातील गवत, बाके, कचऱ्याच्या पेट्या, सारे त्याच्या अंगावर. पूर्वी टोळी यायची आणि टोळी जायची. कुणाला विचारावे हे कळत नसे. आता बाक मोडले तर कोणाची कसूर झाली हे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही कळते. पैशाने जे होत नाही ते या एका बदलाने पुष्कळसे साधले, असे आमचे मत आहे. आमच्याकडील कोणत्याही नगरपालिकेला हे करावयास एका पैशाची देणगी लागणार नाही.

उद्यानातील हजारो बाके अशाच देणग्यांतून दत्तक गेलेली आहेत. बाकावर छोटीशी पट्टी, तीवर दात्याने सुचविलेली दोन ओळींची आठवण. आपल्या चर्चमधील जुन्या बाकांवरही दात्यांची नावे कोरलेली आपण पाहतो. पण नाव लावले म्हणून त्या बाकावर दुसऱ्याने बसू नये असे म्हणण्याचा अधिकार दात्याला मिळत नाही, चर्चमध्येही नाही आणि सेंट्रल पार्कमध्येही नाही. जमीन शहराचीच राहिली. नियम शहराचे उद्यानखातेच ठरविते. प्रवेशाला शुल्क नाही. अठरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९९८ साली, महापालिकेने त्या संस्थेशी रीतसर करार केला. म्हणजे आधी काम पाहिले आणि मग कागद केला. आमच्याकडे क्रम बहुधा उलटा असतो.

त्याच शहरात सार्वजनिक ग्रंथालयाच्या पाठीमागे ब्रायंट पार्क नावाचे एक छोटे उद्यान आहे. त्याची कथा निराळी आहे. १९७० नंतरच्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांनी ते जणू व्यापून टाकले होते. विल्यम व्हाइट नावाचे एक निरीक्षक होते; माणसे सार्वजनिक जागी कोठे बसतात, किती वेळ बसतात, कोणाशी बोलतात हे तासन् तास पाहणे हाच त्यांचा अभ्यास. त्यांनी सांगितले की उंच कुंपण आणि दाट झुडपे यांमुळे रस्त्यावरून आतले काही दिसत नाही, आणि जेथे दिसत नाही तेथे वाईट माणूस सुखाने राहतो. १९८८ साली उद्यान बंद करून ते पुन्हा बांधण्यात आले आणि १९९२ साली उघडले. कुंपणे उतरविली, प्रवेशमार्ग रुंद केले, आणि जमिनीला न ठोकलेल्या, कुणीही उचलून हव्या त्या जागी ठेवाव्या अशा सुट्या खुर्च्या मांडल्या. खुर्च्या चोरीला जातील असे शहाण्यांचे म्हणणे होते. त्या तेथेच राहिल्या. उद्यानातले स्वच्छतागृह तर ताज्या फुलांसाठी प्रसिद्ध झाले; आपल्याकडील बागांतील त्या खोलीची आठवण करून आम्ही वाचकांचा दिवस बिघडवू इच्छित नाही.

मात्र ब्रायंट पार्कचा खर्च धर्मादाय देणग्यांवर चालत नाही. भोवतालच्या इमारतींच्या मालकांनी भरावयाची वर्गणी, उपाहारगृहांचे भाडे, निरनिराळ्या समारंभांचे उत्पन्न यांवर तो चालतो. आणि येथे भागीदारीची दुसरी बाजू दिसू लागते. १९९३ पासून पुढे कित्येक वर्षे कपड्यांच्या नव्या नव्या तऱ्हांच्या प्रदर्शनाचे प्रचंड तंबू त्या हिरवळीवर ठोकले जात, आणि तेवढे दिवस सामान्य माणसाला त्याच्याच बागेत जागा नसे. तक्रारी वाढल्या, २०१० साली ते प्रदर्शन अन्यत्र हलविण्यात आले. ज्या बागेला आपले पोट आपण भरावे लागते, ती बाग हळूहळू दुकानासारखी वागू लागते. वाईट हेतू नसतानाही हे घडते.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो आम्हांला सर्वांत बोचतो. सेंट्रल पार्कच्या भोवती अमेरिकेतील अतिशय श्रीमंत माणसे राहतात, म्हणून त्याला दाते मिळाले. त्याच शहरातील ब्राँक्समधल्या मजुरांच्या वस्तीतील बागेला दहा कोटी डॉलर कोण देणार? २०१३ साली डॅनियल स्क्वाड्रन या राज्याच्या सिनेटरांनी असे विधेयक सुचविले की मोठ्या उद्यानसंस्थांनी आपल्या खर्चाच्या एक पंचमांश इतकी रक्कम गरीब वस्त्यांतील बागांसाठी द्यावी. त्याचा कायदा झाला नाही. दुसऱ्या वर्षी महापौर डी ब्लासिओ यांनी १३ कोटी डॉलर शहराच्या तिजोरीतून काढून दाट आणि गरीब वस्त्यांतील ३५ लहान बागा सुधारण्याची योजना जाहीर केली. म्हणजे शेवटी जेथे दाता नाही तेथे तिजोरीलाच जावे लागले. भागीदारीचा खरा उपयोग यासाठी असावयास हवा: श्रीमंत वस्तीचा भार दात्यांनी उचलावा आणि त्यामुळे वाचलेला सार्वजनिक पैसा गरीब वस्तीकडे वळावा. प्रत्यक्षात वाचलेला पैसा कोठे वळतो हे कुणी विचारीत नाही.

आता घरचे दाखले पाहू. मुंबईत महापालिकेने आपली मोकळी मैदाने दत्तक अथवा देखभालीसाठी खाजगी संस्थांना देण्याची पद्धत बरीच जुनी. काही ठिकाणी तिचे फळ चांगले मिळाले. ओव्हल मैदानाची दुर्दशा पाहून तेथील रहिवासी १९९० नंतरच्या दशकात न्यायालयापर्यंत गेले, मैदानाची देखभाल त्यांनी अंगावर घेतली, आणि आजही तेथे कुणीही पोरगा बॅट घेऊन उतरू शकतो. अन्य काही भूखंडांवर मात्र दत्तक घेणाऱ्यांनी क्लब उभे केले, पोहण्याचे तलाव बांधले, सभासदत्व ठेवले. आणि ज्या मुलांसाठी मैदान राखीव होते ती मुले कुंपणाबाहेर उभी राहून आतले दिवे पाहू लागली. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने नवे धोरण मंजूर केले तेव्हा नागरिकांनी एवढा ओरडा केला की मुख्यमंत्र्यांना त्यास स्थगिती द्यावी लागली. २०२३ साली पुन्हा तसाच मसुदा आला आणि पुन्हा विरोध झाला. मुंबईच्या नागरिकांचा हा संशय आम्हांला अकारण वाटत नाही. दत्तक गेलेले मूल नव्या घरचे होते. मैदान दत्तक देताना तसे व्हावयास नको, पण शब्दच तसा निवडला आहे त्याला काय करावे!

दिल्लीत हुमायूनच्या कबरीशेजारी असलेली ९० एकरांची सुंदर नर्सरी हे आपल्या देशातले याहून सुखद उदाहरण. २००७ साली सरकारी खाती आणि आगाखान सांस्कृतिक न्यास यांच्यात करार झाला, पुढे दहा वर्षांहून अधिक काळ जुन्या वास्तूंची दुरुस्ती व वृक्षलागवड चालली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ते उद्यान लोकांना खुले झाले. तेथे प्रवेशशुल्क आहे, हे आम्हांला रुचत नाही; परंतु हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात तेथे चटया पसरून बसलेली सर्व थरांतील कुटुंबे पाहिली की टीकेची धार थोडी बोथट होते.

यापुढचे लिहिताना लेखणी जड होते. बडोदे हे आमच्या अनेक वाचकांचे गाव. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग उभी राहिली, आणि तेथील मराठी कुटुंबांच्या चार-पाच पिढ्यांचे बालपण तिच्यात गेले. त्याच शहरात हरणी भागातील तलावाचा विकास भागीदारीच्या तत्त्वावर एका खाजगी संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या कराराने देण्यात आला. १८ जानेवारी २०२४ या दिवशी शाळेच्या सहलीला आलेली मुले तेथील नावेत बसली. नावेत क्षमतेहून पुष्कळ अधिक माणसे चढविली होती. जीवरक्षक जाकिटे सर्वांना दिली नव्हती. नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडून मरण पावल्या. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली, आणि चौकशीत असे पुढे आले की जी संस्था पहिल्या वेळी निविदेस अपात्र ठरली होती, तिलाच दुसऱ्या वेळी पात्र ठरवून काम देण्यात आले होते. महापालिकेच्या त्या वेळच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वर्तनावर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले.

त्याच्या सव्वा वर्ष आधी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, मोरबी येथे मच्छू नदीवरील संस्थानकाळचा झुलता पूल कोसळून १३५ माणसे गेली. तोही करमणुकीचाच पूल. दिवाळीच्या सुट्टीत तिकीट काढून लोक त्यावर गेले होते. नगरपालिकेने त्याची देखभाल घड्याळे तयार करणाऱ्या एका कारखानदार कंपनीकडे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या कराराने सोपविली होती. निविदा मागविल्या नव्हत्या. दुरुस्तीनंतर पूल अवघ्या चार दिवसांपूर्वी उघडला होता, आणि तो उघडण्यास योग्य आहे असा दाखला नगरपालिकेने दिलेला नव्हता. विशेष तपास पथकाला आढळले की मुख्य दोरखंडाच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजून गेल्या होत्या, आणि दुरुस्तीत त्या तशाच ठेवून वर नवी, अधिक वजनदार फरशी तेवढी बसविली होती.

या दोन्ही ठिकाणी नुसत्या भागीदाराला दोष देऊन थांबणे आम्हांला पटत नाही. घड्याळाच्या कारखानदाराला पुलाच्या तारा कळल्या नाहीत, याचे आश्चर्य कसले? आश्चर्य हे की ज्यांना कळावयास हवे होते त्या नगरपालिकेने करारावर सही केली आणि नंतर पुलाकडे ढुंकून पाहिले नाही. न्यूयॉर्कच्या कराराने शहराचे डोळे मिटले नाहीत. मोरबीच्या कराराने ते मिटले. आपल्याकडे भागीदारी म्हणजे जबाबदारीतून सुटका, असा समज जोवर अधिकाऱ्यांच्या मनात आहे तोवर कितीही नामांकित संस्था आणली तरी आम्हांला स्वस्थ झोप लागणार नाही. शाळा चालविणाऱ्या आमच्या सहधर्मगुरूंना आणि भगिनींना येथे एवढेच सांगतो की सहलीचे ठिकाण ठरविताना तिकिटाचा दर विचारण्याआधी जाकिटे किती आहेत ते विचारावे, आणि कमी असली तर नावेच्या काठावरून मुलांना परत आणावे. मुले रडतील. रडू द्यावीत.

आता आमच्या वाचकांचा प्रश्न. आम्ही त्यांना असे सुचवू की दोन्हीपैकी कोणत्याच अर्जावर तूर्त सही करू नये. कारण दोन्ही अर्ज घेऊन येणाऱ्यांपैकी कुणीही कराराचा मसुदा वाचलेला नाही, असे त्यांच्याच पत्रावरून दिसते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली नगरपालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर, अल्प शुल्क भरून, मसुद्याची नक्कल मागता येते, आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांच्या आत उत्तर देणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. नक्कल हाती आली की प्रथम शुल्काचे कलम पाहावे. फाटकाशी पैसे घेण्याची मुभा असेल तर लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी ती माफ आहे काय, दर वाढविण्याचा अधिकार कुणाचा, हे नीट वाचावे. मग बागेचा किती भाग उपाहारगृहासाठी, दुकानांसाठी, लग्नसमारंभांसाठी देता येईल आणि वर्षातून किती दिवस, ते पाहावे. आकडा लिहिलेला नसेल तर तो भागीदाराच्या मर्जीवर सोडला आहे असे समजावे. झोपाळे, घसरगुंड्या, पाणी, विजेच्या तारा यांची तपासणी कोण करील व किती दिवसांनी, आणि तपासणारा भागीदाराच्याच पगारावरचा तर नाही ना? करार मोडण्याचे कलम कोठे आहे? तीस वर्षांचा करार असेल तर आज बागेत खेळणारी मुले बापे होईपर्यंत तो चालावयाचा आहे, हे ध्यानात ठेवावे. आणि नगरपालिका बागेवर आज जो खर्च करते तो पुढे कोणत्या वस्तीत करणार, हे नगरसेवकांना लेखी विचारावे. तोंडी उत्तर पुष्कळ गोड मिळते.

आणखी एक काम त्यांनी करावे, ते विल्यम व्हाइट यांच्या पद्धतीचे. सेवानिवृत्त असल्यामुळे त्यांना सायंकाळी सवड असते असे त्यांनीच लिहिले आहे. सलग आठ दिवस पाच ते सात या वेळात त्या मोडक्या बागेत बसून वहीत नोंदवावे, की कोण येते, किती मुले येतात, कोठल्या गल्लीतून येतात, आयाबाया कोठे बसतात, आणि काय नाही म्हणून लवकर परत जातात. मोलकरणींची मुले तेथे खेळत असतील. कारखान्याची पाळी संपवून आलेला एखादा मनुष्य झाडाखाली पाठ टेकीत असेल. प्रस्तावाच्या कागदात यांच्यापैकी कुणाचा उल्लेख असण्याचा संभव थोडा. ती वही आणि मसुद्याची नक्कल घेऊन त्यांनी वस्तीतील दोन्ही पक्षांना एकत्र बसवावे. जागा हवी असल्यास आमच्या चर्चचे सभागृह सोमवारी व गुरुवारी संध्याकाळी मोकळे असते, किल्ली मेस्त्रीकडे मिळेल.